दृष्टीआड सृष्टी

भोरशेजारच्या आमच्या उत्रोलीस वर्तमानपत्र वाचावयाचें म्हणजे आतां आम्ही संगणकच उघडतों. वाचनाची हौस जुनी; परंतु पडद्यावरील पानावर बातमी दोन ओळींची आणि तिच्याभोंवतीं गलबला मात्र आठवड्याच्या बाजाराचा! कोठें आपोआप सुरू होणारी चित्रफीत, कोठें 'सूचना पाठवूं का?' असें विचारीत आडवी येणारी चौकट, कोठें तळाशीं चिकटून बसलेली पट्टी.

या छळावर तोडगा म्हणून आमच्या पुतण्यानें फायरफॉक्स ब्राउझरला 'यूब्लॉक ओरिजिन' नांवाचें एक्स्टेन्शन जोडून दिलें. रेमंड हिल या गृहस्थांनीं २०१४ सालीं प्रथम बाहेर आणलेल्या साधनाचेंच हें पुढचें रूप. त्यांत दोन हत्यारें आहेत. विजेच्या खुणेचें पहिलें हत्यार नकोशी चौकट तेवढ्यापुरती उडवितें. पान पुन्हा उघडलें कीं ती परत हजर. दुसरें ड्रॉपरच्या खुणेचें. तें चौकट ओळखण्याचा नियम लिहून ठेवतें, आणि त्या नियमांत बसेल तें सारें कायमचें झांकून टाकतें. आम्हीं अर्थातच दुसरें पसंत केलें. आठ दिवसांत पान धुतलेल्या पाटीसारखें स्वच्छ झालें, आणि आम्ही स्वतःस मोठे चोखंदळ वाचक समजूं लागलों.

पुढें एके दिवशीं आमच्या जुन्या गुरुजींचें पुस्तक परत करावें म्हणून भोरास त्यांच्या घरीं गेलों. भिंतीवर हार घातलेली तसबीर होती.

"पेपरांत दिलं होतं," त्यांच्या सूनबाई म्हणाल्या. "दहाव्याला तुमची वाट पाहिली, काका."

आम्हांस उत्तर सुचेना. पुस्तक हातांतच राहिलें.

घरीं येऊन एक्स्टेन्शन बंद केलें आणि त्या तारखेचें पान उघडलें. उजव्या अंगास निधनवार्तेची चौकट होती. आंत गुरुजींचें छायाचित्र. पानाची बांधणी करणारानें त्या चौकटीस आणि शेजारच्या जाहिरातीस एकच वर्गनाम दिलें होतें. आमचा नियम त्या नांवावर बेतलेला. त्यानें दोहोंस सारखेंच झांकलें. यंत्राचा कांहीं दोष नव्हता. सांगितलें तेवढेंच त्यानें केलें.

'दृष्टीआड सृष्टी' असें म्हणून आपण किती निश्चिंत होतों! परंतु झांकलेलें नाहींसें होत नाहीं. पान जसेंच्या तसें असतें, जगही तसेंच असतें. पारखे होतों ते फक्त आपण.

एक्स्टेन्शन आम्हीं काढून टाकलें नाहीं. तो गलबला पुन्हा सोसणें आमच्यानें व्हावयाचें नाहीं. मात्र आतां ड्रॉपरला सहसा हात लावीत नाहीं, विजेवरच भागवितों. उद्यां तीच चौकट पुन्हा येईल. येवो बापडी! उडविण्यापूर्वीं आंत कोण आहे, तें एकदां पाहणें तरी होईल.