लंगडे इंजिन

"आजोबा, हे डिझेल इंजिन नव्हेच! ह्यात डिझेल कुठे आहे?"

नातवाने चारचौघांत माझी फजिती केली. दिवाळीची साफसफाई चालली होती आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आमच्या चिरंजीवांचे वीतभर लांबीचे जुने इंजिन सापडले होते.

मी म्हटले, बाबा रे, आपल्या राहुरी स्टेशनावरून जी डब्ल्यूडीएम-२ इंजिने धडधडत जात, त्यांतले डिझेल तरी कुठे चाकांना हात लावी? सोळा सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे ते धूड नुसती वीज तयार करी. गाडी ओढीत त्या सहा आसांवरच्या सहा विजेच्या मोटारी. म्हणजे खेळण्याचे सोंग निम्मे तरी खरे!

खेळण्यात मात्र सहा मोटारी मावायच्या कुठे? मधोमध एकच असते. तिच्या दोन्ही टोकांना जड फ्लायव्हील, तिथून लवचीक सांध्यांचे दांडे दोन्ही बोग्यांवर जातात. प्रत्येक बोगीवर एक मळसूत्र. ते खालची दातेरी चाके फिरवते आणि सहाही आस ओढू लागतात. स्वस्तातल्या इंजिनात एकाच बोगीला मोटार. मग जरा चढ लागला, की ते चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॅक्टरसारखे जागच्या जागी चाके फिरवीत बसते. मळसूत्राची एक खोड आहे. ते चाकाला फिरवते, चाकाला ते फिरवता येत नाही. म्हणून असले इंजिन हाताने ढकलायचे नसते.

हे मला १९८९ सालीही ठाऊक होते, आणि तेच नडले. त्या दिवाळीत इंजिन लंगडू लागले. चाकाच्या दर फेऱ्याला टिक् करून अडखळे.

"ढकललंस ना?"

"नाही, बाबा."

मी थोबाडीत दिली. इंजिन डब्यात गेले. पोराने ते पुन्हा कधी मागितले नाही.

परवा नातवाच्या हट्टाने ते उघडले. भिंग लावून पाहिले, तर दाते सगळे शाबूत! फक्त एका आसावरच्या प्लॅस्टिकच्या चाकाला, दोन दात्यांच्या मधोमध, केसाएवढी चीर. धातूच्या आसावर घट्ट ठोकून बसवलेले प्लॅस्टिक कालांतराने असे आपोआप तडकते. चीर फाकली की तिथले दोन दाते एकमेकांपासून दूर सरतात, आणि नेमके तिथेच इंजिन अडखळते. ढकलल्याने दाते तुटले असते. ही चीर ढकलण्याची नव्हे.

रात्री चिरंजीव पुण्याहून आले. मी चाक आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले. त्यांनी बराच वेळ चाक न्याहाळले.

"बाबा, एकदा ढकललं होतं मी. तुमच्या भीतीनं नाही म्हणालो."

"त्यानं हे झालेलं नाही."

"मला तर इतकी वर्षं वाटत होतं, माझ्यामुळेच मोडलं."

दोघेही गप्प बसलो. नातू मात्र मध्येच विचारीत होता, असले चाक पुण्यात कुठे मिळते म्हणून.