घर ते विमानतळ

मुंबई ते नेवार्क, हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, वेळ सोळा-सतरा तास. लेकीनं तिकिटासोबत पाठवलेला हा हिशेब मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. त्यात आमचं सोलापूर कुठेच नव्हतं.

२०२५च्या सप्टेंबरात आम्ही दोघं निघालो. विमान रात्री एकनंतरचं. दुपारची गाडी धरली असती तरी चाललं असतं, पण ती वाटेत अडकली तर? (ही धास्ती सोलापूरकराला शिकवावी लागत नाही.) म्हणून पहाटे सहाची वंदे भारत. बाराच्या सुमाराला दादर, तिथून टॅक्सीनं सहारचा विमानतळ. चेक-इनचा काउंटर उघडायला रात्र झाली. तोवर बॅगांची राखण आणि आळीपाळीनं डुलक्या.

सुरक्षा तपासणीत हिची पिशवी बाजूला काढली. यंत्राच्या पडद्यावर पातळ, गोल चकत्यांची चळत दिसत होती.

"पापड आहेत का?" जवानानं विचारलं.

"कडक भाकरी हो, बाजरीची. लेकीला नेतोय," ही म्हणाली. "महिनाभर टिकते." शेंगाचटणी आधीच मोठ्या बॅगेत गेली होती म्हणून बरं.

विमान सुटलं तेव्हा घराला कुलूप लावून वीस तास होत आले होते. एवढ्या वेळात आम्ही रेल्वेचे जेमतेम साडेचारशे किलोमीटर कापले होते.

समोरच्या पडद्यावर नकाशा. पाकिस्तानची हवाई हद्द एप्रिलपासून भारतीय विमानांना बंद, त्यामुळे वळसा अरबी समुद्रावरून. अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेकडे का चढतंय, असं हिनं विचारलं. पृथ्वी गोल असल्यानं जवळची वाट तिकडूनच जाते. येताना मात्र तेवढ्याच अंतराला दोनेक तास कमी लागले, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो आणि तो परतीच्या विमानाला मागून ढकलतो. तिकिटावर दोन वेळा वेगळ्या का, हे तेव्हा कळलं.

आम्ही गेलो त्याच्या पुढच्याच महिन्यात सोलापूर–मुंबई विमान सुरू झालं. त्याआधी जूनमध्ये गोव्याचं सुरू झालं होतं. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या धावपट्टीसाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली, तिच्यावरून गावात बराच वाद झाला. मुंबईचं हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासाभराचं काम. सोय झाली, यात शंका नाही.

तरी परदेशी निघालेल्यांना एक सांगतो. सोलापूरचं आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल, तर पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही बहुधा बुडतात. शक्यतो दोन्ही एकाच तिकिटावर घ्या. जमत नसेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.