सर्वनामांचा संभ्रम: हिंगोलीतील इंग्रजी लेखनाचा एक अनुभव

औपचारिक इंग्रजी लेखनातील संदिग्धतेचा विचार करताना सर्वनामांकडे सहसा सर्वांत शेवटी लक्ष जाते, कारण क्रियापदाच्या काळाची किंवा उपपदाची चूक लगेच दिसते, तर सर्वनामाची चूक व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यातही लपून राहू शकते. सर्वनाम ज्या नामाऐवजी येते त्याला येथे 'मूळ नाम' म्हटले आहे. वाचकाला ते मूळ नाम शोधत मागे जावे लागले, किंवा एकाऐवजी दोन सापडली, तर वाक्य शुद्ध असूनही लेखन फसले असे मानावे लागते. हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल, नोकरीचे अर्ज आणि गावकऱ्यांनी विश्वासाने पुढे केलेले कागद वर्षानुवर्षे तपासले, आणि त्यातून बनलेले मत असे की या संदिग्धतेचे मूळ इंग्रजीच्या अज्ञानापेक्षा मराठीच्या सवयीत अधिक आहे.

मराठी सर्वनाम लिंगभेद पाळते आणि तो निर्जीव वस्तूंच्या बाबतीतही पाळते. हळद हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे नगदी पीक असल्याने प्रकल्पांत तिचा विषय वारंवार येतो. हळद, कंद आणि पाणी यांविषयी एका दमात लिहिले तरी 'ती', 'तो' आणि 'ते' ही सर्वनामे आपापले मूळ नाम सोडत नाहीत. इंग्रजीत तिन्हींसाठी 'इट' एवढेच सर्वनाम आहे. त्यामुळे हळद शिजवण्याच्या कृतीचे वर्णन वाचताना मऊ झाले ते काय आणि ओतून द्यायचे ते काय, हे हळद पिकवणाऱ्या घरातील वाचकाला कळते. पण अहवाल ज्याच्यासाठी लिहिला जातो त्या बाहेरच्या परीक्षकाला कळत नाही.

याहून अवघड प्रश्न दुसऱ्याचे बोलणे सांगताना उभा राहतो. मोंढ्यातील व्यवहार सांगताना मराठी माणूस 'तुमचा माल ओला आहे, असे अडत्याने शेतकऱ्याला सांगितले' असे वाक्य करतो. म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द जवळपास जसेच्या तसे ठेवून 'असे' या शब्दाने ते मुख्य वाक्याला जोडतो, आणि 'तुमचा' हे सर्वनाम सुरक्षित राहते. औपचारिक इंग्रजीत हेच बोलणे अप्रत्यक्ष कथनात, म्हणजे सांगणाऱ्याच्या दृष्टीने फिरवून, लिहिले जाते आणि 'तुमचा' याचे 'हिज' होते. माल अडत्याचा की शेतकऱ्याचा, हे मग वाक्य सांगत नाही. मराठीतील 'आपला' आणि 'त्याचा' हा उपयुक्त भेदही त्या एका शब्दात विरून जातो.

आदरार्थी बहुवचनाचा घोटाळा वेगळाच. जिल्हाधिकारी गावात आल्या की त्यांच्याविषयी 'त्या' म्हणणारा विद्यार्थी इंग्रजीत 'दे' लिहितो आणि भेट एका अधिकाऱ्याची होती की पथकाची, हे कळेनासे होते. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळते आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैलीच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीनेही ते मान्य केले आहे. पण ते लिंग अज्ञात असताना किंवा त्या व्यक्तीची तशी इच्छा असताना, आदर दाखवण्यासाठी नव्हे.

या सगळ्याचा खरा कस न्यायालयीन कागदात लागतो. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि हिंगोलीची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. शेतवाटणीच्या एका वादात प्रतिज्ञापत्राचा स्थानिक पातळीवर केलेला इंग्रजी मसुदा लेखकाच्या पाहण्यात आला, तेव्हा त्यात दोन भाऊ, एक चुलता आणि सर्वांसाठी मिळून एकच 'ही' होता. खंडपीठात काम करणाऱ्या वकिलांनी तो मसुदा परत पाठवला होता आणि प्रत्येक 'ही' भोवती शाईने गोल काढला होता. सुधारलेल्या मसुद्यात सर्वनामे जवळजवळ उरली नाहीत. त्यांच्या जागी 'याचिकाकर्ता क्रमांक 1', 'प्रतिवादी क्रमांक 2' अशी नामे पुन्हा पुन्हा आली, वाक्ये रुक्ष झाली आणि जमीन कोणाची हे स्पष्ट झाले. कायद्याने सर्वनामाची एकच अडचण आधी सोडवलेली आहे: 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 13 नुसार, संदर्भाला बाध येत नसेल तर, केंद्रीय कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. दोन पुरुषांपैकी 'ही' म्हणजे कोण, हे मात्र कोणतेही कलम सांगू शकत नाही.

विशेष म्हणजे नाम पुन्हा लिहिण्याचा हा उपाय मराठीला परका नाही. पंचनाम्यातील 'सदर इसम', 'यातील फिर्यादी', 'वर नमूद शेतजमीन' या लकबींची साहित्यिक मंडळी थट्टा करतात, परंतु मूळ नाम हातातून निसटू न देण्याची जी शिस्त पोलीस ठाण्यातला लेखनिक पाळतो, ती पदव्युत्तर प्रबंधांत क्वचितच आढळते. इंग्रजीत सुटे 'धिस' लिहिण्याऐवजी त्यापुढे नाम जोडणे, म्हणजे 'हा विलंब', 'ही वाढ' असे लिहिणे, ही त्याच शिस्तीची सौम्य आवृत्ती होय.

ही शिस्त अंगी बाणण्यात अडथळा आहे तो शाळेत पाठ केलेल्या व्याख्येचा, कारण नामाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, असे शिकलेला विद्यार्थी पुनरावृत्तीलाच दोष समजतो आणि महाविद्यालयात आल्यावरही नाम दुसऱ्यांदा लिहायला बिचकतो. इंग्रजीच्या शिक्षकांनी या व्याख्येला आठवीनववीतच एक पुरवणी जोडावी: मूळ नामे एकाहून अधिक संभवत असतील तेथे नामच पुन्हा लिहावे, आणि त्यासाठी गुण कापू नयेत.