कावासाकी म्हणजे मोटारसायकल नव्हे

कावासाकी म्हटलं की आमच्या मराठवाड्यात अजूनही बजाजची जुनी गाडी आठवते. धाकट्या बहिणीनं तिच्या मुलाचा कागद माझ्यापुढं धरून विचारलं, "बाजी, इसमें गाडी का नाम काय कू लिखे?" मला हसू आलं नाही. खालच्या ओळीत 'कोरोनरी अॅन्युरिझम' लिहिलं होतं.

2022 चा डिसेंबर होता. मुंबईत गोवंडीकडं गोवराची साथ आलेली, बातम्या रोजच्या. बहीण लातूरला दिलेली. तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं. दादी म्हणाली गोवर, नजरही उतरवली. गोवराचे दोन्ही डोस झालेले होते, पण ते कोण ऐकतं! एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यांनी अँटिबायोटिक बदललं. गल्लोगल्ली नीटच्या शिकवण्या असलेलं, डॉक्टर घडवणारं हे शहर, पण सहा दिवस ताप उतरला नाही. मग ती त्याला घेऊन अहमदपूर, लोहा करत माहेरी नांदेडला आली.

इथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी त्याची जीभ पाहिली. स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार. ओठ फुटलेले, डोळे लाल पण चिपडं नाहीत, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत एक गाठ. पाच दिवसांहून जास्त ताप आणि ही लक्षणं म्हणजे कावासाकीचा संशय घ्यायचा, असं त्या म्हणाल्या. तान्ह्या मुलांत सगळी लक्षणं दिसत नाहीत. पण दंडावरची बीसीजीच्या लसीची खूण लाल होऊन सुजली, तर तीही खूण महत्त्वाची. हे किती आयांना माहीत असेल?

तोमिसाकू कावासाकी या जपानी डॉक्टरांना असा पहिला मुलगा टोकियोत 1961 साली दिसला. 1967 साली त्यांनी अशा 50 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आजार कशामुळं होतो ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. आपल्याकडं चंदीगडच्या पीजीआयमध्ये त्यावर बरंच काम झालंय. 2020 साली कोविडनंतर मुंबईच्या मुलांत कावासाकीसारखीच लक्षणं दिसली, तेव्हा कुठं हे नाव वर्तमानपत्रांत आलं. त्याच वर्षी जूनमध्ये कावासाकी वारले.

खरा धोका ताप उतरल्यावरचा. रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना फुगे येतात. शब्दकोशात 'रोहिणीविस्फार' आहे. बहिणीला मी तो सांगितला नाही. सायकलच्या ट्यूबला झिजलेल्या जागी फुगा येतो ना, तसं, म्हटलं. फरक इतकाच की इथं भीती फुटण्याची कमी आणि गुठळीची जास्त. फुग्यात रक्त रेंगाळतं, गोठतं, आणि लहान लेकराला हार्ट अटॅक येऊ शकतो. उपचार न मिळालेल्या पाचातल्या एका मुलाला असे फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं, तर हे प्रमाण पंचवीसात एकापर्यंत खाली येतं.

ते औषध वजनावर असतं, किलोला 2 ग्रॅम. आमचा 15 किलोचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या सहा बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारांत. भिशीचे पैसे आले, एक बांगडी गेली. हे औषध हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातून काढतात, हे कळल्यावर एका आत्यानं विचारलं, कुणाकुणाचं असेल? दादीच म्हणाली, "जान बचनी चाहिए." विषय तिथं संपला.

आठव्या दिवशी औषध गेलं, दुसऱ्या दिवशी ताप गेला. आठवड्याभरात बोटांच्या टोकांची साल निघाली, साप कात टाकतो तशी. तरीही दुसऱ्या इकोत डाव्या वाहिनीवर फुगा निघाला. सव्वादोन मिलिमीटर असायला हवं, तिथं साडेचार. वेळेवर औषध देऊनही काहींना तो येतोच. तेव्हापासून रोज थोडी अॅस्पिरिन. वर्षाभरात तो 3 वर आला. निम्म्याहून जास्त मुलांचे फुगे वर्ष-दोन वर्षांत आक्रसतात. पण तिथली भिंत पहिल्यासारखी होत नाही, म्हणून इको चालूच.

यंदा तो पहिलीत गेला. प्रवेशाच्या फॉर्मवर आजारासाठी बोटभर जागा होती. मी वेगळा कागद जोडला, उर्दूत आणि मराठीत: हृदयाच्या रक्तवाहिनीवर फुगा आहे. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. खेळताना छातीत दुखलं, घेरी आली, घाम फुटला तर थांबवा आणि लगेच फोन करा. वर्गात कांजिण्या किंवा फ्लू आला तर त्याच दिवशी कळवा, कारण अॅस्पिरिन चालू असताना ते आजार झाले तर यकृत आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. खाली बहिणीचा आणि माझा नंबर. पीटीच्या सरांनी तो कागद हजेरीपटाला टाचून ठेवलाय.