घसारा

दसऱ्याच्या दिवशी शस्त्रांची पूजा करावी, असे शास्त्र आहे. आमच्या घरात शस्त्र म्हणावे असे फारसे काही नाही. विळी, अडकित्ता, मुलीची कंपासपेटी, माझे फाउंटनपेन आणि दारातली मोटारसायकल एवढीच काय ती शस्त्रसामग्री. त्यांतही खरा मान मोटारसायकलीचा. २०१९ च्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर ती घरी आली. तेव्हापासून दर दसऱ्याला मी तिला आंघोळ घालतो, सौभाग्यवती हळदकुंकू लावते, हँडलाला झेंडूची माळ पडते आणि पुढच्या चाकाखाली एक लिंबू चिरडले जाते. लिंबावर माझा विश्वास नाही. पण ठेवू नका म्हणण्याइतका अविश्वासही नाही.

२०२४ च्या दसऱ्याला हे सारे यथासांग पार पडले. गाडी दारात स्टँडवर लावून मी वर गेलो आणि स्टुलावर चढून गॅलरीला तोरण बांधू लागलो. आमची पेठ अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची. साताऱ्यात नव्याने आलेल्या माणसाच्या प्रथम ध्यानात येते ते हे की, येथला रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो; उगीच सरळ जाणे त्याला ठाऊक नाही. आमच्या घरावरून जाणारा रस्ता उतरणारा आहे. वरच्या अंगाला चार घरे सोडून एक भाजीचे भाडे मारणारे गृहस्थ राहतात. त्यांचा टेम्पो तेथेच उभा असतो. ज्याला सारा गाव ‘छोटा हत्ती’ म्हणतो, त्या जातीचा.

तो हत्ती मागे मागे येताना मी वरून पाहिला. वेग फारसा नव्हता. एखाद्या लग्नातल्या वरमाईने मागे न पाहता चार पावले मागे सरकावे, तितक्याच सावकाश तो आला, माझ्या गाडीला टेकला आणि तिला घेऊन आमच्या ओट्यावर आदळला. आवाजही फारसा झाला नाही. पण त्या आवाजाच्या आधी, क्षणभर आधी, मी आणखी एक गोष्ट पाहिली. टेम्पोच्या ड्रायव्हरच्या बाजूने एक मुलगा उडी मारून उतरला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात ओले फडके. तो दहावीतला त्यांचा मुलगा. चौथीत असताना माझ्याच वर्गात होता.

मी खाली पोहोचेपर्यंत वडील धावत आले होते. मुलगा कोठे दिसेना.

“गुरुजी, माझीच चूक,” ते हात जोडून म्हणाले. “धुवायला गाडी सरळ करत होतो, ब्रेक हातातनं सुटला.”

मी काहीच बोललो नाही. गाडी उजव्या कुशीवर पडली होती. हेडलाईटचा डूम फुटलेला, दोन इंडिकेटर लोंबकळत असलेले, हँडल वाकलेले, पुढचा शॉकअप तिरका, साडीगार्ड चेपलेले. आणि टाकीला ओट्याच्या कडेचा ताटलीएवढा पोचा. झेंडूची माळ मात्र जशीच्या तशी होती. ती पाहून मला का कोण जाणे, फार वाईट वाटले.

विमा आहे, हे मला प्रथम सौभाग्यवतीने आठवून दिले. विमा आहे हे वाक्य आपण मोठ्या दिलाशाने उच्चारतो. तो कशाचा आहे, हे मात्र विमापत्र उघडीपर्यंत शंभरांतल्या नव्वदांना ठाऊक नसते. मी त्या नव्वदांतलाच. त्या रात्री मी ते कागद, मुलांचे पेपर तपासावेत तसे, लाल पेन घेऊन वाचले.

आपल्याकडे मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून, १९३९ च्या मोटार वाहन कायद्यान्वये. पण ही सक्ती आपल्या गाडीसाठी नाही. ती आहे त्रयस्थासाठी. पहिला पक्ष मी, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचे उरलेले सारे जग. माझ्या हातून त्या जगाला इजा झाली तर तिची भरपाई व्हावी, एवढाच कायद्याचा आग्रह. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा त्रयस्थाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तसा मीही घेतला होता. माझ्या स्वतःच्या गाडीचे काही झाले तर त्यासाठी निराळा हप्ता. तो आपल्या खुशीचा. सुदैवाने तो मी दरसाल भरीत आलो होतो.

मौज अशी की, या प्रकरणात मी स्वतःच त्रयस्थ होतो. माझ्या विमापत्रात मी पहिला पक्ष. पण टेम्पोच्या विमापत्राच्या दृष्टीने मी उरलेल्या जगापैकी एक. म्हणजे खरे पाहता नुकसान भरून द्यावयाचे ते त्यांच्या विम्याने. परंतु त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. चेपलेल्या साडीगार्डसाठी जिल्हा न्यायालयाची पायरी चढायची, ही कल्पना मला माझ्या कादंबरीतसुद्धा सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात टेम्पोत घालूनच न्यावी लागली. अर्थात दुसऱ्या टेम्पोत. तेथल्या मुलाने खर्चाचा अंदाज काढून दिला, दहा हजार चारशे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एक स्क्रूही हलवायचा नाही, असे बजावले. मग आमचे विमा एजंट आले आणि त्यांनी मला ‘घसारा’ हा शब्द शिकवला.

हा शब्द मला फार आवडला. मराठीत इतका सोज्ज्वळ आणि इतका निर्दय शब्द दुसरा नसेल. गाडीला चार वर्षे पूर्ण होऊन पाच व्हायची होती. त्या वयाला लोखंडी भागांवर पस्तीस टक्के घसारा. प्लास्टिक, रबर, नायलॉन यांवर पन्नास टक्के, मग गाडी कालची का असेना! काचेवर मात्र काहीच नाही. काच म्हातारी होत नाही, असे विमा कंपन्यांचे मत आहे. मजुरी पुरी मिळते. मी पाटीवर गणित घालावे तसे मांडले. प्लास्टिकचे अठ्ठावीसशे, त्यांचे मिळणार चौदाशे. लोखंडाचे सहा हजार, त्यांचे एकोणचाळीसशे. मजुरी सोळाशे. बेरीज सहा हजार नऊशे. त्यातून सक्तीचे शंभर वजा. हाती सहा हजार आठशे. शिवाय चार वर्षे काही मागितले नाही म्हणून हप्त्यात जी पंचेचाळीस टक्क्यांची सवलत साठली होती आणि येत्या वर्षी पन्नास व्हायची होती, ती शून्यावर. चाळिशी उलटलेल्या मनुष्याचा घसारा या कोष्टकाने काढला तर काय उरेल, असा एक विचार मनात येऊन गेला. पण एजंट समोर बसलेले होते.

“सोपं आहे, सर,” ते म्हणाले. “टेम्पोवाले म्हणतात ना, माझ्या हातून झालं? त्यांच्याकडे लायसन्स आहे. तसं लिहा. दहा दिवसांत पैसे.”

“आणि तसं झालं नसलं तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मग स्टँड घसरून पडली म्हणा. पण ते दुसरं काही लिहू नका.”

ते दुसरे काय, हे त्यांना सांगावे लागले नाही. पेठेत कुणाला ठाऊक नव्हते? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तीत १९९ अ असे एक कलम आले. अज्ञान मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसावे वर्ष पूर्ण होईतो लायसन्स नाही. मी ते कलम दोनदा वाचले. कायदा वाईट आहे, असे मला वाटले नाही. रस्त्यावर मुले मरतात, मारतात. कुणीतरी कठोर व्हायलाच हवे होते. पण बारा महिने टेम्पो उभा राहिला तर वरच्या चार घरांपलीकडची चूल कशावर पेटणार, हेही मला कळत होते.

दाव्याच्या अर्जात एक रकाना असतो : ‘अपघात कसा घडला, ते सविस्तर लिहा.’ आयुष्यात मी कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांत दोन माणसे बुडवली, एकाला आगगाडीखाली घातले, एका नायिकेला विनाकारण क्षयाने मारले. एकाही वेळी हात थरथरला नाही. आणि येथे तीन ओळींची जागा, त्यात एक साधा स्टँड घसरवायचा, तर पेन पुढे सरेना. बरे, वडिलांचे नाव लिहावे तर खोटे माझे नव्हते. ते त्यांनी आपण होऊन सांगितले होते. मी फक्त ते स्वच्छ अक्षरात उतरवून घ्यायचे होते. माणूस स्वतःला किती सोयीने समजावू शकतो, पाहा.

खरे सांगायचे तर मी ते लिहिलेही असते. पण दसऱ्याच्या संध्याकाळची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी सोने द्यायला पेठेतली मुले आली, त्यांत तोही आला. सगळ्यांच्या शेवटी. हातात आपट्याची पाने, नवा सदरा. वाकून पाया पडला. मी नेहमीप्रमाणे “मोठा हो” म्हटले. तो उठला, पण गेला नाही. जिन्यावरची बाकीची मुले खाली उतरून गेल्याचे पावलांवरून कळले, तेव्हा म्हणाला,

“गुरुजी, पप्पा नव्हते. मी होतो गाडीत.”

“मी पाहिलं होतं,” मी म्हणालो.

त्याने एकदम मान वर केली. मला वाटले, आता हा रडणार. तो रडला नाही. “मग तुम्ही सकाळी का नाही बोललात?” असे त्याने विचारले.

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चौथीच्या वर्गात मी याच मुलाला, फळ्यावरचे पुसलेस तूच ना, म्हणून भिंतीशी उभे केले होते.

तर, अर्ज मी तसाच कोरा परत केला. एजंटांनी मला वेड्यात काढले नाही. त्यांनी फक्त, “तुमची पन्नास टक्के सवलत तरी वाचली,” असे सांत्वन केले. मग मी वरच्या घरी गेलो. येथे माझे चुकले, असे सौभाग्यवतीचे आजही मत आहे. मी गृहस्थांना म्हणालो, “दादा, दावा मी करत नाही. पण पोराच्या हातात किल्ली देऊ नका.”

त्यांचा चेहरा उतरला. मग कठीण झाला. “मी सांगितलं ना, मी होतो म्हणून,” ते म्हणाले. आतल्या दारात मुलगा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही, पण वडिलांनी पाहिले. मुलासाठी त्यांनी अंगावर घेतलेले ते एक खोटे मी त्याच्या देखत त्यांच्या हातून काढून घेतले होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले.

गाडी मी वर्कशॉपातून सोडवून आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. वर्कशॉपात वाकलेली वस्तू बदलतात. मिस्त्री ती सरळ करतात. त्यांनी हँडल दाबावर घेतले, शॉकअपची दांडी ओळंब्यात आणली, डूम आणि इंडिकेटर तेवढे नवे घातले. साडीगार्ड हातोडीने ठोकून दिले. टाकीचा पोचा काढायला टाकी उतरवून रंगवावी लागली असती. ते मी राहू दिले. एकंदर चार हजार सातशे झाले.

दिवाळीच्या पाडव्याला मुलगा एक पाकीट घेऊन आला. आत दोन हजार. कार्तिकी एकादशी झाल्यावर दुसरे आले, सत्तावीसशेचे. मिस्त्रींचे बिल त्यांना कुणी सांगितले, देव जाणे! मी पाकिटे परत पाठवायला निघालो होतो. सौभाग्यवतीने अडवले.

“ठेवून घ्या,” ती म्हणाली. “परत केलेत तर त्या माणसाला तुमच्यासमोरून टेम्पो नेताना मान खाली घालावी लागेल. तेवढं तरी त्यांच्याकडे राहू द्या.”

मी ठेवून घेतले.

संक्रांतीपर्यंत आम्ही एकमेकांसमोरून तसेच जात राहिलो. मुलाचे एक मात्र मला गॅलरीतून दिसे. रात्री टेम्पो येऊन थांबला की तो घरातून दोन दगड घेऊन बाहेर येई आणि मागच्या दोन्ही चाकांना लावी. वडील तोपर्यंत खाली उतरत नसत. सकाळी दगड काढून तो ओट्याखाली ठेवी. कुणी सांगितले होते की आपल्याच मनाने, ते मी विचारले नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी ते स्वतः आले. हातावर तिळगूळ ठेवला. तोंडाने म्हणायचे ते दोघांपैकी कोणीच म्हटले नाही. जरा वेळाने माझ्या गाडीकडे पाहत त्यांनी विचारले,

“हप्ता भरलात का गाडीचा?”

“भरला.”

“सवलत मिळाली?”

“निम्मी.”

त्यांनी टाकीवरून, त्या पोच्यावरून, हात फिरवला. भाजीची क्रेट उचलून राठ झालेला हात तो.

“मग हा काढून घ्या की, गुरुजी. पावसाचं पाणी साठतं यात.”

बघू, म्हणालो मी. पावसाळा येऊन गेला. पाणी साठते खरे.