पाय आधी, मगे मोर

चतुर्थी आठ दिवसांवर आली की सावंतवाडीच्या आमच्या घरात समया पडवीत उतरायच्या. आजी त्यांचे आटे सोडवून बैठक, दांडा, वाटी, मोर असे तुकडे माझ्यापुढे मांडायची. चिंच, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या हाताशी. ‘पाय आधी घास गो, मगे मोर.’ खाचांतला काळपट थर निघाला की पिवळंजर्द पितळ हसायचं.

पुढे इटलीतल्या सोनेरी ब्राँझच्या दीपस्तंभांची चित्रं पाहिली आणि तेच तुकडे ओळखीचे वाटले. सिंहाच्या पंजांची बैठक, सडसडीत दांडा, माथ्यावर तबक. 1738 मध्ये हर्क्युलेनियम आणि 1748 मध्ये पॉम्पेईचं खोदकाम सुरू झालं. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली जवळजवळ सतराशे वर्षं निजलेल्या वस्तू वर आल्या, आणि रोमच्या लुइजी वालादिएरसारखे कारागीर जुन्या घाटाची नवी कामं ओतू लागले. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा ब्राँझवर चोपडायचा आणि तापवायचा. पारा वाफ होऊन उडे, सोनं धरून राही. ती विषारी वाफ मात्र मुलामा देणाऱ्याच्या छातीत जाई. त्या झळाळीत कुणाचं तरी आयुष्य विरघळलेलं आहे, हे मला विसरता येत नाही.

नव्या दीपस्तंभांत मेणबत्त्या लागल्या. पण पॉम्पेईच्या दांड्यावर, माथ्यावरच्या तबकात, तेलाचा दिवाच ठेवत. म्हणजे ती समईच की!

जुना घाट पुन्हा घडवणं मला नक्कल वाटत नाही, ते सावंतवाडीच्या राजवाड्यामुळे. हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, गंजिफा, तिथे विझत आली होती. 1970 च्या सुमारास राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती विद्या शिकून घेतली. आज दरबारात दशावतारी गंजिफेची 120 गोल पानं रंगतात. प्रत्येक पान नवं, आणि त्यावरचा मत्स्य किंवा कूर्म मात्र पूर्वीचाच.

आजीच्या समईचा मोर एकदा तुटला. कासाराकडून नवा ओतून आणला. तो उरलेल्या समईपेक्षा उजळ दिसे, म्हणून मला परका वाटे. यंदा समई मीच उतरवली. पाय आधी घासले, मग मोर. संध्याकाळी पाच वाती लावल्या. भिंतीवर पडलेल्या सावलीत मोर आणि दांडा एकाच रंगाचे होते.