चार दिवस बहारीनला



टेंभुर्णी आणि आसपासच्या खेड्यांतून आखातात माणसे जातात ती कामाला. घाम गाळायचा, पैसा घरी धाडायचा, दोन वर्षांनी महिनाभर गावी यायचे. फिरायला म्हणून आपल्या वस्तीतून तिकडे कोणी गेल्याचे आम्हाला आठवत नाही. आमचा पुतण्या बहारीनला वेल्डर आहे. यंदा त्याच्याकडे चार दिवस पाहुणे म्हणून जायचे घरात ठरले आहे. त्या तयारीत जे समजले ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडावे म्हणून लिहितो आहोत.

देश अगदी लहान. आपल्या जालना जिल्ह्यात असे नऊ-दहा बहारीन मावतील! चहूकडे समुद्र, आणि सौदी अरेबियाला जोडणारा २५ किलोमीटरचा पूल, जो १९८६ साली सुरू झाला. म्हणून चार दिवस पुरेसे आहेत. उन्हाळ्यात मात्र जाऊ नये. तेव्हा तिथे भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी असते, यावरून ऊन काय असेल ते समजावे.

आम्ही डिसेंबर निवडला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनाला आपण जातोच. मुंबईहून विमानाने बहारीन साडेतीन-चार तासांवर. महापरिनिर्वाण दिनाला जोडून सहल ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचली नाही, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शेवटी मध्ये एक दिवस सोडून ८ तारखेला निघायचे ठरले. चार दिवसांत शुक्रवार मात्र यायलाच हवा, कारण पोराला सुटी तेवढीच. त्याच्या खोलीत आठ जण राहतात, म्हणून आमचा मुक्काम मनामा शहरातल्या साध्या हॉटेलात.

आता कागदांचे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘इसीआर’ असा उल्लेख येतो. असा पासपोर्ट घेऊन बहारीनला कामासाठी जायचे तर भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते. पाहुणा म्हणून जाताना ती लागत नाही. पण भेटीचा व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवावे लागते. वयाची पन्नाशी उलटलेल्यांना ही अट नाही, त्यामुळे शाळा न पाहिलेल्या आमच्या वहिनींची अडचण सुटली.

इथेच एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. काही एजंट पोरांना भेटीच्या व्हिसावर चढवून देतात आणि ‘तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ’ म्हणतात. तसे जाऊ नका, भावाला जाऊ देऊ नका. तसा गेलेला माणूस कायद्याच्या बाहेर पडतो. मजुरी बुडाली तरी दाद मागायला तोंड राहत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी एवढे काम तरी करावे.

बघायचे काय? १९३२ साली तिथे तेल लागले; ती पहिली विहीर आजही दाखवतात. आली गावात घरांना खेटून चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे मातीचे ढिगारे आहेत. जुन्या किल्ल्याच्या खणकामात सिंधू खोऱ्यातल्या पद्धतीची दगडी वजने सापडली. म्हणजे आपल्या देशाचे व्यापारी तिथे फार जुने. बावेरु जातकात बाबिलोनला कावळा आणि मोर नेणारे व्यापारी आहेत. तेही याच आखातातून गेले असावेत. आणि आपल्या शेजारचे भोकरदन, जुने भोगवर्धन, तिथल्या उपासकांची दाने सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. परदेश हा काही आपल्याला नवा नव्हे.

आम्हाला सर्वांत ओढ आहे ती मुहर्रकची. तेलाआधी हा देश मोत्यांवर जगला आणि ते मोती मुंबईच्या बाजारात येत. मोती काढणारा पाणबुड्या जहाजाच्या नाखव्याकडून उचल घेई. हंगामात ती फिटत नसे आणि बाप मेला की कर्ज पोराच्या डोक्यावर येई. आपल्याकडच्या सालगड्याची गोष्ट कोणी समुद्रात नेऊन ठेवावी, तशी! १९२० नंतरच्या दशकात तिथे सुधारणा झाल्या, प्रत्येक पाणबुड्याला स्वतःच्या हिशेबाची वही मिळू लागली. नाखवे त्यावर नाराज होते, हे सांगायला नकोच. त्या व्यापाऱ्यांचे वाडे आता जतन केले आहेत; २०१२ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. वाडे पाहूच, पण पाणबुड्यांची घरे कुठे होती, हेही विचारणार आहोत.

खर्चाचे म्हणाल तर १९६५ पर्यंत तिथे रुपयाच चाले. आज एका दिनाराला दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. म्हणून चटणी, ठेचा आणि चार दिवस टिकतील अशा दशम्या घरूनच नेत आहोत. पोराने शेंगदाण्याची चटणी दोन किलो मागितली आहे. खोलीत आठ जण आहेत ना.